गळेल ते

शहापुरात मी रात्री उशिरा पोचलो, तेव्हा कानावर फक्त महामार्ग होता. नागपूरहून भंडाऱ्याला जाताना लागणारे हे गाव. पलीकडे जवाहरनगरची आयुधनिर्माणी, अलीकडे ढाबे, टायरची दुकाने, आणि रात्रभर न थांबणाऱ्या मालमोटारी. अशा गावात झाडाविषयी काही सुचेल असे वाटले नव्हते. पण चैत्र होता, आणि पहाटे चारच्या सुमारास जाग आली ती वासाने. गूळ भिजत घालून झाकण ठेवायला कुणी विसरावे, असा तो वास होता. गोड, जडसा, आणि गोडीच्या तळाशी काहीतरी रानटी.

घरापाठीमागे धानाच्या बांध्या सुरू होत होत्या. उन्हाळ्यात त्या रिकाम्याच असतात, धसकटांनी भरलेल्या, भेगाळलेल्या. एका धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाचे झाड होते आणि त्याखाली शेजारच्या मावशी बसल्या होत्या. टोपली गुडघ्याशी, हात जमिनीवर. अंधार अजून पुरता गेला नव्हता, तरी त्यांची बोटे चुकत नव्हती. वरून थोड्या थोड्या वेळाने एकेक फूल पडत होते. टपोरे, फिकट पिवळसर, आतून पोकळ. पडताना त्याचा हलकासा आवाज होतो. मी न विचारता झाडाच्या फांदीला हात घातला, हलवावी म्हणून. मावशींनी मान वर न करता म्हटले, "झाड हालवाचा नाई, बाबू. गरल तेवढाच येचाचा."

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळा हा डोरा होतो, फळ हे फर होते, आणि गळणे हे गरणे होते. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या ध्वनींची मांडणी केली आहे. मोहाच्या फळाला कुठे टोळ म्हणतात, कुठे टोरी, तेही याच वाटेने आले असावे. पण त्या पहाटे मला भाषाशास्त्र आठवले नाही. आठवले ते एवढेच, की मावशींनी वापरलेले क्रियापद मी पुण्यामुंबईच्या बोलण्यात फार दिवसांत नीट ऐकले नव्हते. वेचणे.

झाडाकडून काही घेण्यासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत. फळ तोडतात, फूल खुडतात, शेंगा ओरबाडतात, चिंच झोडपतात, बोरे हलवून पाडतात. या साऱ्यांत माणूस झाडाच्या अंगाला हात लावतो. वेचण्यात तो लावत नाही. वेचणारा जमिनीकडे पाहतो आणि वाट पाहतो. केव्हा द्यायचे हे झाड ठरवते, किती द्यायचे हेही झाडच ठरवते. वेचणाऱ्याकडे फक्त वेळेवर हजर राहणे आणि पाठ वाकवणे एवढेच उरते. याच क्रियापदाला मराठीत एक जुळे भावंड आहे. आयुष्य वेचले, पैसा वेचला, खर्चवेच. कोशकार एकाची नाळ विचयनाशी जोडतात आणि दुसऱ्याची व्ययाशी, म्हणजे मुळात ही दोन वेगळी घराणी. पण बोलणाऱ्याच्या तोंडात ती एक झाली आहेत, आणि गोळा करणे व खर्चणे या दोन उलट्या गोष्टी एकाच शब्दात राहू लागल्या आहेत. मला तो योगायोग सोडवत नाही. मोहाखाली बसलेली बाई काय करते, तर दोन्ही करते. पहाटे तीनपासून ऊन चढेपर्यंत, रोज, महिनाभर, ती फुले वेचते आणि कंबर वेचते.

मोहाचे हे देणे मुळात कसे आहे ते पाहावे. माघ-फाल्गुनात पाने झडतात. उघड्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लटकतात. रात्री फूल उमलते, वटवाघळे येतात, वाराही काम करतो. पहाटे फूल गळते, पण गळतो तो फक्त पाकळ्यांचा मांसल पेला. बीजकोश फांदीवरच राहतो, त्याचे पुढे फळ होते. म्हणजे मावशींच्या टोपलीत जे पडते, ते झाडाच्या दृष्टीने काम संपलेले असते. परागीभवन झाले, पेला निरुपयोगी झाला, झाडाने सोडून दिला. माणसाने तो उचलल्याने झाडाचे तसूभरही उणे होत नाही. सुकलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. एवढी साखर, आणि ती मिळवायला एक पानही तोडावे लागत नाही. शेती म्हणजे कापणी, पशुपालन म्हणजे दोहन किंवा वध, खाण म्हणजे खोदणे. ज्यात घेणाऱ्याने घेतल्यावर देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही, असे किती व्यवहार आपण जाणतो?

हे झाड आपल्या वाङ्मयात आजचे नाही. अमरकोशात मधूकाची जी नावे आहेत त्यांत गुडपुष्प आहे, मधुद्रुम आहे, आणि वानप्रस्थही आहे. वनात जाऊन राहिलेला, असे झाडाला म्हणणारा माणूस कोण असेल? कालिदासाने लग्नासाठी सजणाऱ्या पार्वतीच्या केसांत दूर्वा गुंफलेली मधूकाची फिकट माळ घातली. पण मला सर्वांत जवळची वाटते ती हालाची गाथासप्तशती, कारण ती आपल्या भाषेच्या आजीच्या तोंडची आहे. महाराष्ट्री प्राकृतात मधूकाचा महुअ झाला होता, मोहापासून एका पावलावर. त्यातल्या एका गाथेत गोदावरीकाठच्या झाडीतल्या, फुलांच्या भाराने जमिनीला टेकलेल्या मोहाला एक स्त्री विनवते आहे, की बाबा, जरा सावकाश गळ. टीकाकारांनी त्यात संकेतस्थळाचा अर्थ पाहिला: फुले आहेत तोवर तिला रानात जायला निमित्त आहे. असेल. पण मोहाखाली पहाट घालवलेल्या कोणत्याही बाईला दुसरा अर्थ आधी कळेल. एकदम गळलास तर माझे दोनच हात आहेत.

प्राकृतातला हा महुअ आणि संस्कृतातला मोह, म्हणजे भुरळ, यांचा काही संबंध नाही. एक मधाकडून आला, दुसरा मुह् धातूकडून. पण दोघे मराठीत येऊन एकरूप झाले, आणि पुढची शेदीडशे वर्षे सरकारदरबारी या झाडाकडे दुसऱ्या अर्थानेच पाहिले गेले. मुंबई सरकारने १८९२ साली मोहफुलांवर नियंत्रण आणणारा कायदा केला, कारण घरोघरी गाळलेल्या दारूमुळे अबकारी उत्पन्न बुडत होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफूल आले. गाठीला किती असावे, कुठून कुठे न्यावे, कुणाला विकावे, यावर परवान्यांचे जाळे. महाराष्ट्रात ते २०२१ साली सैल झाले. दरम्यान १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत मोह हे संरक्षित झाड होते. म्हणजे परवानगीशिवाय झाडावर कुऱ्हाड चालवली तर गुन्हा, आणि त्याच झाडाखालच्या फुलांनी भरलेले पोते दुसऱ्या गावी नेले तर चौकशी.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिखाण एकांगी होईल. दारूची भीती इंग्रजांनी शोधलेली नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती लोकांच्या, विशेषतः बायांच्या, दीर्घ आंदोलनातून. ज्या बाईने पहाटे फुले वेचली, तिच्याच घरात संध्याकाळी त्या फुलांनी मार बसावा, हे तिने सहन का करावे? आज शेजारचा मध्य प्रदेश मोहाच्या मद्याला वारसा म्हणून बाजारात आणतो आहे, त्याबद्दल लिहिणाऱ्यांनी तिला विचारावे. माझे म्हणणे वेगळे आहे. दारू हे या फुलाचे एक रूप आहे, आणि कायद्याने त्या एका रूपावरून साऱ्या झाडाचे नाव ठेवले. भाजून तिळाबरोबर कुटलेले फूल, पिठात मळलेले फूल, बैलाला घातलेले फूल, सुईणीने बाळंतिणीला दिलेले फूल, ही रूपे नोंदीत आलीच नाहीत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या रानालगतच्या गावांना मोहाने जगवले. ते लोकांच्या आठवणीत राहिले, पण कायद्याच्या कलमांत नाही.

आता थोडे दूर जाऊ. १७९६ च्या उन्हाळ्यात मंगो पार्क नावाचा एक स्कॉटिश तरुण पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीच्या शोधात फिरत होता. लुटला गेलेला, उपाशी, आजारी. आजच्या मालीतल्या सेगूजवळ बांबारा लोकांच्या मुलखात त्याने एक झाड पाहिले. लोक त्याच्या बियांपासून लोणी काढत होते. १७९९ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने या ‘शी’ झाडाबद्दल लिहिले, आणि त्यात एक निरीक्षण आहे जे वाचून मी शहापूरच्या धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. ही झाडे लोक लावत नाहीत, ती रानात आपोआप उगवतात, पण शेतीसाठी रान साफ करताना बाकीची झाडे तोडतात आणि शी तेवढे ठेवतात.

सेनेगलपासून युगांडापर्यंत पसरलेल्या त्या कोरड्या पट्ट्यात आजही हे असेच आहे. ज्वारी-बाजरीच्या शेतात मधूनमधून शीची झाडे, कुणीही न लावलेली, कुणीतरी राखलेली. जून-जुलैच्या पावसात फळे गळतात. बाया पहाटे जाऊन ती वेचतात. गर खातात, बी उकडतात, सुकवतात, फोडतात, भाजतात, दळतात, आणि पाणी घालून तासन्‌तास हाताने फेटतात, तोवर पांढरे लोणी वर येते. फळ तोडत नाहीत, पडू देतात. दीड कोटीहून अधिक स्त्रियांच्या मिळकतीत या झाडाचा वाटा आहे असा अंदाज सांगितला जातो. वनस्पतिशास्त्रात शी आणि मोह एकाच कुळातले, आपल्या चिक्कूच्या कुळातले. एके काळी तर दोघे एकाच प्रजातीच्या छत्राखाली होते: मोह बासिया लॅटिफोलिया, शी बासिया पार्की, त्याच मंगो पार्कच्या नावाने. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांची घरे वेगळी केली. मोहाला मधुका हे मूळचेच नाव परत मिळाले. दोघांच्या बियांत तेल असे, की थंडीत ते तुपासारखे थिजते. दोघांची पेंड कडू. आमच्याकडे ती तळ्यात टाकून मासे गुंगवायची, कारण तिच्यात साबणासारखे द्रव्य असते.

पण साम्य झाडांपेक्षा माणसांच्या वागण्यात जास्त आहे, आणि मला तेच मोलाचे वाटते. भंडाऱ्याच्या धानपट्टीत कोहळी लोकांनी शेकडो तळी बांधली, जंगल तोडून बांध्या काढल्या. त्यांच्या कर्तृत्वाचे गोडवे गायलेच पाहिजेत. तरी प्रश्न उरतो की बांध्या काढताना धुऱ्यावर मोह कसा राहिला? सावलीने धानाचे नुकसान होते, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. राहिला, कारण कुऱ्हाड त्याच्यापाशी येऊन थांबली. एकाने थांबवली नाही. पिढ्यान्‌पिढ्या, शेताशेताने थांबवली. कुठल्या बैठकीची नोंद नाही, ठराव नाही. सेगूच्या शेतकऱ्याने आणि शहापूरच्या शेतकऱ्याने एकमेकांचे नावही न ऐकता एकच निर्णय घेतला. लावणे हा निर्णय दिसतो, त्याचे फोटो निघतात, त्याची मोहीम निघते. न तोडणे हा निर्णय कुणाला दिसत नाही. झाड तेवढे उभे दिसते.

मराठीत यासाठी शब्द आहे: राखणे. शेत राखणे, मान राखणे, शब्द राखणे. सरकारने हाच शब्द घेतला आणि राखीव जंगल केले. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी लोकांनी राखलेले जंगल लोकांपासून राखीव केले. त्या वेळी लोकांजवळ उरला तो निस्तार. मध्य प्रांतातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही: घरच्या गरजेपुरते लाकूड, चारा, फूल, फळ घेण्याचा हक्क. आणि संस्कृतात निस्तार म्हणजे पार होणे, तरून जाणे. सरपण आणि मोहफुलांच्या हक्काला मोक्षाच्या जवळचा शब्द मिळाला, याला कारकुनी चूक म्हणायचे की लोकांची खोल समजूत? मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ मध्ये गेली, जमिनी सरकारजमा झाल्या, निस्तार कागदावर राहिला. पूर्व विदर्भातली झुडपी जंगले वन मानायची की नाही, हे भांडण त्यातूनच उगवले, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला त्यावर निकाल द्यावा लागला.

दुसरा सरकारी शब्द मला याहून खुपतो. गौण वनोपज. लाकूड हे मुख्य; फूल, फळ, पान, डिंक, मध, बांबू हे गौण. झाड आडवे पडले की त्याची किंमत मुख्य होते, उभे असेपर्यंत ते जे देते ते सारे गौण. वन हक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला, ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला, आणि त्याने या गौण उपजाची मालकी वेचणाऱ्याच्या नावावर केली. गोळा करणे, वापरणे, विकणे, तिन्ही. त्यापुढे जाऊन त्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकारही दिला. शब्द मात्र गौणच ठेवला. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली नवेगावच्या रानात राहून जंगलातले शब्द वेचत राहिले. असा आणखी कुणी निघावा आणि या एका शब्दाला पर्याय शोधावा, असे मला मनापासून वाटते.

त्या कायद्याचा विदर्भातला पहिला मोठा अर्थ मेंढा-लेखाने लावला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले हे छोटे गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने १९८० च्या दशकापासून अभ्यासगट चालवले, निर्णय बहुमताने नाही तर सर्वसहमतीने घेतले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा आता पुस्तकी झाली आहे, पण त्यातले ‘आम्हीच’ हे दोन्ही बाजूंनी कापते हे लोक विसरतात. सरकार आम्हीच, तर जंगलाची हानी झाली तर आरोपीही आम्हीच. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारभर हेक्टरांवर हक्क मिळाला आणि ग्रामसभेने ठरवले, की तेंदूपाने तोडायची नाहीत. रोकड पैसा देणारे पान. पण पानासाठी झाडे छाटावी लागतात, आग लावली जाते, आणि मग फळ मिळत नाही. हक्क मिळाल्यावर माणसाने पहिला निर्णय न घेण्याचा घ्यावा, याचे मला अजून आश्चर्य वाटते. आश्चर्य वाटते म्हणजे माझ्याच मनात कुठेतरी गरिबावर अविश्वास होता. तो मी इथे कबूल करतो.

आफ्रिकेतही असेच काही घडते आहे. घानाच्या उत्तर-पश्चिम टोकाला, ब्लॅक व्होल्टा नदीकाठी, वेचियाउ भागातल्या गावांच्या प्रमुखांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाणघोड्यांसाठी आपले अभयारण्य उभे केले. सरकारने नाही, गावांनी. त्या टापूत शीची झाडे राखली जातात आणि तिथल्या बायांनी वेचलेले बी रसायनमुक्त म्हणून वेगळ्या भावाने विकले जाते. पाणघोडा वाचला म्हणून शी वाचले, की शी विकले जाते म्हणून पाणघोडा वाचला, हा प्रश्न तिथल्या बायांना निरर्थक वाटेल.

हे सारे आशेचे झाले. आता अडचण.

मोहाचे फूल वेचल्याने झाडाचे काही जात नाही, असे वर लिहिले. ते खरे आहे. पण ज्येष्ठ-आषाढात टोळ गळते, तेव्हा ते खरे राहत नाही. टोळ म्हणजे फळ, फळात बी, आणि बी म्हणजे पुढचे झाड. फूल वेचणे हे देणगी उचलणे आहे, टोळ वेचणे हे वारशातले घेणे आहे. मोहाचे बी साठवून ठेवता येत नाही. काही आठवड्यांतच त्याची रुजण्याची ताकद जाते. पडले, ओल मिळाली, तर तेव्हाच. आणि ते पडते तेव्हा झाडाखाली बाया असतात, गुरे असतात, रानडुकरे असतात. त्यात चैत्रातली दुसरी सवय: खाली पडलेल्या पानांत फुले दिसत नाहीत, म्हणून पाचोळा जाळून जमीन साफ करायची. त्या आगीत मागच्या वर्षी कसेबसे रुजलेले रोपही जाते. आणि वारा असेल तर आग झाडाखालीच राहत नाही. अस्वल पहाटे फुलांसाठी येते, बाई पहाटे फुलांसाठी जाते, आणि आग लावून अस्वलाला दूर ठेवता येते, हेही त्यामागचे एक कारण. काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी अंथरतात. फुले स्वच्छ मिळतात, आग लागत नाही. ही साधी जाळी मला मोठमोठ्या योजनांपेक्षा आदराची वाटते.

परिणाम असा, की रानालगत आणि धुऱ्यांवर मोह दिसतात ते बहुतेक म्हातारे. आजोबांच्या रांगेत नातू नाहीत. शीच्या पट्ट्यात अगदी हेच: पूर्वी शेत काही वर्षे पडीक ठेवत, त्या काळात रोपे वाढत. आता लोकसंख्या आणि नांगर पडीक राहू देत नाहीत, आणि शीला पहिले फळ यायला पंधरा-वीस वर्षे लागतात. झाडे उभी आहेत, पण त्यांच्यामागे कुणी नाही. संरक्षण म्हणजे तोड थांबवणे एवढाच अर्थ घेतला तर अशी राई पन्नास वर्षे सुरक्षित दिसते, आणि मग दहा वर्षांत संपते.

बाजाराचे पाहा. युरोपात २००० सालच्या नियमाने चॉकलेटमध्ये कोकोखेरीज सहा वनस्पतींची चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालते. त्या सहांत शी आहे. साल आहे, कोकम आहे, आंब्याची कोय आहे, म्हणजे आपल्या रानातली तीन. यादीत ‘इलिपे’ हे नावही आहे. इलिपे हे मोहाच्या तमिळ नावाचे, इलुप्पैचे, भ्रष्ट रूप. पण तिथे ते नाव बोर्निओच्या वेगळ्याच झाडाला दिले आहे. मोहाचे नाव यादीत आहे, मोह नाही. केंद्र सरकारने २०२० मध्ये सुक्या मोहफुलाची किमान आधारभूत किंमत किलोला ३० रुपये केली. चार किलो ओली फुले सुकून एक किलोच्या आसपास उरतात असे मावशी सांगतात. पहाटे तीनची वेळ, अस्वलाची भीती, महिन्याची झोप, यांचा हिशेब त्या ३० रुपयांत कुठे बसतो, हे मी त्यांच्या ओसरीवर बसून मांडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आणि शहापूरचा प्रश्न मेंढा-लेखाहून वेगळा आहे, हे विसरून चालणार नाही. भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. इथला पुष्कळ मोह राखीव जंगलात नाही, खासगी धुऱ्यावर आहे. तिथे ग्रामसभेचा ठराव चालत नाही, चालतो तो मालकाचा शब्द. पूर्वी एक रीत होती, आणि अजून ती पुरती मेलेली नाही: झाड कुणाच्याही धुऱ्यावर असो, त्याखाली कोण वेचणार हे घराघरांत ठरलेले असे. मोहाची वाटणी जमिनीच्या वाटणीहून वेगळी चाले. लग्नमांडवाला मोहाची डहाळी लागते, ती कुणाच्याही झाडाची चालते. महामार्गाच्या कडेची जमीन आज एकरावर विकली जात नाही, चौरस फुटावर विकली जाते. नव्या मालकाला धुऱ्यावरचा मोह म्हणजे मोजणीतला अडथळा. ज्याचे झाड त्याचीच फुले, असे तो म्हणाला तर कायद्याने त्याचेच खरे. रीत मोडायला कुणी वाईट माणूस लागत नाही, अनोळखी माणूस पुरतो.

मृगाच्या आधी मी पुन्हा शहापूरला गेलो. पाऊस पडलेला नव्हता, पण बांध्यांत नांगरट सुरू झाली होती. मोहाला तांबूस कोवळी पाने होऊन ती हिरवी झाली होती, फांद्यांत टोळ धरली होती. मावशी मला झाडाकडे घेऊन गेल्या नाहीत, पलीकडच्या धुऱ्यावर घेऊन गेल्या. तिथे पळसाचे खुरटे झुडूप होते. वटवाघूळ मोहाचे फळ तोडते, पण तिथेच बसून खात नाही. दुसऱ्या झाडावर नेते, गर चाखते, बी टाकते. मोहाखालचे बी सारे वेचले जाते, पण पळसाखाली शोधायला कुणी जात नाही. पळसाच्या आडोशाला वीतभर उंचीचे मोहाचे रोप होते, मागच्या वर्षीचे, चार पानांचे.

"वागुरानं लावला," मावशी म्हणाल्या.

धुरा त्यांच्या दिरांचा. दोन दिवसांनी ट्रॅक्टर येणार होता, आणि ट्रॅक्टरवाला बाहेरगावचा. त्याला सांगून ठेवता आले नसते, म्हणून त्यांनी रोपाभोवती बोरीच्या काट्या रोवल्या होत्या, आणि सगळ्यांत उंच काटीला जुन्या लुगड्याची निळी चिंधी बांधली होती, लांबून दिसावी अशी. मी जवळ वाकून पाहिले तेव्हा त्यांनी मला मागे ओढले. माझा पाय रोपाशेजारी पडत होता.